लाल धुळीच्या गावात बॉनेटखालची सफाई : पाणी मारण्याआधी हे वाचा

मये, डिचोली, साखळी या पट्ट्यात चार वर्षं गाडी वापरली की बॉनेटखालचा मूळ रंग कुठला होता, हे आठवावं लागतं. इंजिनाच्या झाकणावर, बॅटरीवर, पाइपांच्या खाचाखोचांत सगळीकडे लाल पुटं चढलेली. गाडी बाहेरून दर आठवड्याला धुतली जाते, आतून फडका फिरतो, पण बॉनेट उघडतं ते वायपरचं पाणी भरायला, नाहीतर गाडी बंद पडली तरच. मग दसरा येतो. झेंडूची माळ घालायची म्हणून बॉनेट उचललं जातं, आतला अवतार दिसतो आणि अंगणातला पाइप थेट इंजिनावर सोडला जातो. दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारायला लागते.

ही सफाई घरी करता येते. त्यासाठी महागडी हत्यारंही लागत नाहीत. फक्त आपल्याकडची धूळ वेगळी आहे आणि इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ काळ्या, तेलकट मळासाठी केलेले असतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी कित्येक दशकं चालल्या. खनिजाचे ट्रक गावांतल्या रस्त्यांवरून पिळगावच्या सारमानससारख्या जेट्टींकडे जायचे आणि तिथून माल बार्जमध्ये भरला जायचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, काही वर्षांनी थोड्या सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर त्याच वर्षी मार्चपासून पुन्हा थांबल्या. लिलावानंतर डिचोली ब्लॉकमधलं काम २०२४ मध्ये परत चालू झालं. खाण चालू असो वा बंद, डंपवरची आणि रस्त्याकडेची माती काही कुठे जात नाही. शिवाय इथली साधी जमीनसुद्धा जांभ्याची. पलीकडे दोडामार्गातल्या कळण्याला किंवा वेंगुर्ल्यातल्या रेडीला विचारा, तीच तक्रार. चंदगड, खानापूरच्या लाल मातीच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्यांनाही हे ओळखीचं वाटेल.

या धुळीत लोहाचे बारीक कण असतात आणि चिकणमातीही असते. कोरडी असताना ती ब्रशने सहज पडते. पाणी लागलं की मात्र तिचा लगदा होतो. हा लगदा वायरिंगच्या कपलरच्या फटीत, बेल्टच्या खाचांत, रेडिएटरच्या पात्यांमध्ये जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरतो. वरून इंजिन चकाचक दिसतं, खाली मात्र पाणी धरून ठेवणारी माती बसलेली. पितळी-तांब्याच्या पिना अशा ओलाव्यात हिरव्या पडायला वेळ लागत नाही. म्हणून इथला क्रम ठरलेला आहे : आधी सगळं कोरडं काढायचं, मग ओलसर फडक्याने पुसायचं, आणि पाणी लागलंच तर सर्वांत शेवटी, अगदी थोडं.

माझं स्वतःचं सांगतो. एका वॉशिंग सेंटरवर मी "इंजिन पण मारा जरा" असं म्हणालो होतो. त्या पोराने प्रेशर पंपाची नळी आत धरली, दोन मिनिटांत इंजिन नवं कोरं. घरी येईपर्यंत ठीक होतं. सकाळी गाडी थरथरायला लागली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. प्लगच्या खोबणीत पाणी साचून कॉइल गेली होती. चूक त्या पोराची म्हणू नये, सांगितलं मीच होतं. प्रेशर पंप बॉडीच्या खालच्या चिखलासाठी असतो, बॉनेटखाली तो नकोच. कपलरचे रबर पावसाचे शिंतोडे अडवतात, जोराने मारलेली धार अडवतीलच असं नाही.

बॉनेट उघडण्याआधी

सकाळची वेळ उत्तम. गाडी रात्रभर उभी असली की इंजिन पूर्ण गार असतं. चालवून आणली असेल तर किमान दोन-तीन तास जाऊ द्या. कूलंटचं तापमान चालू इंजिनात ९० अंशांच्या आसपास असतं, सायलेन्सरकडचा लोखंडी भाग तर त्याहून कितीतरी जास्त तापतो. गरम इंजिनावर थंड पाणी पडणं धातूलाही बरं नाही, आणि साबण लावला तर तो वाळून डाग पडतात. हात भाजतो तो वेगळाच.

गाडी सपाट जागेत, हँडब्रेक लावून, चावी काढून उभी करा. पुश बटणाची गाडी असेल तर चावी घरात ठेवून या, खिशात नको.

आता आपल्याकडची खास गोष्ट. बॉनेटवर हाताने दोन-तीन थापा मारा, थोडं थांबा, मगच उघडा. पावसाळ्यात आणि थंडीत उंदरांच्या मागे साप आत शिरतो. मांजराचं पिल्लू असतं ते तर नेहमीचंच. साप दिसला तर काठी घेऊन ढोसू नका, वनखात्याला किंवा गावातल्या सर्पमित्राला कळवा आणि सगळ्यांना लांब ठेवा.

उंदरांचं घरटं सापडणं जास्त संभवतं. शेतात पाणी भरलं की उंदीर सुक्या, उबदार जागेत येतात आणि बॉनेटखालचं फोमचं अस्तर कुरतडून बिछाना करतात. वायरींना दात लावतात. कुरतडलेली वायर, सुका पाला आणि शेजारी तापलेला सायलेन्सर यातून आग लागू शकते, म्हणून ही सफाई केवळ दिसण्यापुरती नाही. घरटं किंवा लेंड्या दिसल्या तर तिथे ब्लोअर अजिबात मारू नका. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो. गोवा आणि सिंधुदुर्गात लेप्टो म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. रबरी हातमोजे आणि मास्क घाला, त्या जागेवर ब्लीच मिसळलेलं पाणी (एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी) फवाऱ्याने हलकं शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. वायरिंग आणि ॲल्युमिनियमवर ब्लीच राहू देऊ नका, ओल्या फडक्याने नंतर पुसून घ्या. हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. आणि पुढच्या पंधरवड्यात ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना उंदराच्या घाणीत हात घातला होता हे आठवणीने सांगा.

तंबाखूची पुरचुंडी, डांबराच्या गोळ्या असे उपाय गावोगाव आहेत. तंबाखूने चार दिवस फरक पडतो, वास उडाला की संपलं. डांबराच्या गोळ्यांचा वास एसीतून थेट गाडीत येतो, त्यामुळे मी तरी ठेवत नाही. विष तर ठेवूच नका. उंदीर इंजिनाच्या अशा कोपऱ्यात मरतो की काढता काढता नाकी नऊ येतात. गाडी रोज थोडी चालवणं आणि बाजूला पेंढा, भाताची पोती, लाकडं रचून न ठेवणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

बॅटरीची काळी तार

सफाईला हात घालण्याआधी बॅटरीची मायनसची, म्हणजे काळी तार सोडा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी मायनसच का? पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही म्हणून. लाल तार आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतं. जोडताना उलट : लाल जोडलेली राहते, काळी सर्वांत शेवटी.

याला दुसरंही कारण आहे. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि काही गाड्यांत चावी काढलेली असतानाही अचानक फिरू लागतो. बोटं त्याच्या पात्यांजवळ असताना तसं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

तार सोडल्यावर घड्याळ, रेडिओची स्टेशनं, काही गाड्यांत काचेचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागतं. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.

तारेच्या टोकावर पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर ती आत्ताच काढा. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश. फेस येतो, येऊ द्या, तो ॲसिड मारतोय. बॅटरीची टोपणं घट्ट बंद असायला हवीत, सोड्याचं पाणी आत गेलं तर बॅटरी खराब होते. पुसून, वाळवून तार जोडताना वर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा.

कोरडं काम, हेच खरं काम

वेळेचे दोन तृतीयांश इथे घालवा. वायपरखालच्या जाळीपासून सुरुवात करा. माड, फणस, आंब्याखाली गाडी उभी करणाऱ्यांकडे तिथे मूठभर नव्हे, घमेलंभर पाला निघतो. त्या जाळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. ती तुंबली की पावसाचं पाणी एसीच्या वाटेने पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं आणि मालक दाराचे रबर बदलत बसतो. पाला हाताने काढा, भोकात बारीक लवचीक नळी किंवा प्लास्टिकची पट्टी घालून मोकळी करा. तार नको, आतली नळी फाटते.

मग रंगाचा मऊ ब्रश घ्या, दोन इंचाचा आणि एक इंचाचा. वरून खाली झाडत या. जमल्यास एका हातात व्हॅक्युमची नळी धरा, म्हणजे उडालेली धूळ तिथेच ओढली जाते. ब्लोअर असेल तर शेवटी मारा, सुरुवातीला नको, नाहीतर तीच धूळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मास्क हवाच; ही बारीक धूळ छातीला चांगली नाही. वाऱ्याची दिशा बघा, मुलांना आणि वाळत घातलेल्या कपड्यांना दूर करा. शेजाऱ्यांच्या कपड्यांनाही.

हातासरशी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. आपल्या पट्ट्यात कंपनीच्या पुस्तिकेतला सामान्य रस्त्यांचा आकडा धरून चालू नका. तिथेच धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी सूचना असते, ती आपली. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. आतल्या बाजूकडून बाहेर हलकी हवा मारायची, जोराने नाही. उजेडासमोर धरून प्रकाश आरपार दिसत नसेल तर बदला. डब्याच्या तळाची लाल माती ओलसर फडक्याने टिपून घ्या आणि इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडाला तेवढा वेळ स्वच्छ कापड लावा. फिल्टर चुकवून आत गेलेली ही माती पिस्टनला पॉलिश पेपरसारखी घासते. बॉनेटखालच्या सगळ्या घाणीत खरोखर इंजिनाचं आयुष्य कमी करणारी घाण हीच.

ओलसर फडका, आणि गरज पडली तर पाणी

कोरडं काम नीट झालं असेल तर बहुतेक गाड्यांना पुढे फक्त फडका पुरतो. अर्धी बादली पाणी, त्यात थोडा कार शाम्पू, फडका घट्ट पिळून पुसत जायचं. प्लास्टिकची झाकणं, बॅटरीची वरची बाजू, बॉडीच्या कडा, बॉनेटची आतली बाजू. फडका वारंवार धुवा.

तेलकट पुटं असतील तिथे मात्र डिग्रीझर लागतो. पाण्यात विरघळणारा, सौम्य घ्या. फरशी किंवा बाथरूम साफ करायचं ॲसिड, कॉस्टिकचं पाणी यांनी ॲल्युमिनियम काळं पडतं. आणि एक जुनी सवय आता सोडायला हवी : डिझेलने किंवा रॉकेलने इंजिन पुसणं. दिसायला छान, चमकतं. पण त्याने रबराच्या नळ्या आणि बेल्ट फुगतात, शिवाय तो थर लाल धूळ चुंबकासारखी ओढतो, दोन आठवड्यांत आधीपेक्षा वाईट. पेट्रोलचं तर नावच काढू नका. बंद पडवीत त्याची वाफ साचते आणि एका ठिणगीत सगळं संपतं.

डिग्रीझर मारण्याआधी झाकायच्या गोष्टी : अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, इंजिनाचा कॉम्प्युटर, एअर फिल्टरचं तोंड आणि पेट्रोल गाडीत प्लगवरच्या कॉइल. प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर बँड चालतात. पिशव्या मोजून लावा. चार लावल्या तर चार निघाल्या पाहिजेत; एखादी विसरली तर गरम पाइपाला चिकटून वितळते किंवा बेल्टमध्ये ओढली जाते. ऑइलचं टोपण, डिपस्टिक, ब्रेक ऑइलच्या आणि कूलंटच्या डब्यांची झाकणं घट्ट आहेत ना बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावासुद्धा ओढतं, त्यात पाणी गेलं तर ब्रेकवर भरवसा राहत नाही.

डिग्रीझर फडक्यावर किंवा ब्रशवर घ्या, इंजिनावर ओतू नका. पाच मिनिटांत ब्रशने घासा, वाळू देऊ नका. मग साध्या फवाऱ्याच्या बाटलीने थोडं पाणी मारून फडक्याने टिपा. बेल्टवर काहीही लागू देऊ नका, नाहीतर सुरू करताच किंकाळी फुटेल.

रेडिएटर आणि एसीची जाळी हा एकच भाग असा की जिथे पाणी खरोखर उपयोगी. तिथेही आधी मऊ ब्रश, पात्यांच्या उभ्या-आडव्या दिशेने. मग बागेच्या पाइपाची मंद धार, शक्य तितकी इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली माती आली त्या वाटेने परत जाते. समोरून जोराची धार मारली तर नाजूक पाती वाकतात आणि माती आणखी आत. अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना काटा वर जात असेल तर हे जरूर करा.

हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्यांत जीवघेण्या दाबाची वीज असते आणि १२ व्होल्टची बॅटरी सोडली म्हणजे तिथला धोका संपला असं नाही. या गाड्यांत फक्त कोरडा मऊ ब्रश आणि कोरडा फडका, तोही नारिंगी तारा आणि त्यांच्या पेट्यांपासून दूर. बाकी सर्व्हिस सेंटरवर सोपवा.

वाळवणं आणि पहिला स्टार्ट

बॉनेट उघडं ठेवून तासभर उन्हात. आधी कोरड्या फडक्याने आणि ब्लोअरने खाचा, कपलरभोवतीची जागा, प्लगच्या खोबणी वाळवून घ्या. पावसाळ्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की तासाने काही होत नाही, म्हणूनही हे काम दसऱ्याच्या सुमारास आणि पुन्हा एकदा मेमध्ये, पाऊस पडण्याआधी करावं. वर्षातून दोनदा पुरे.

पिशव्या मोजून काढा, काळी तार जोडा, गाडी सुरू करून दहा मिनिटं जागेवरच चालू द्या. थरथर, पिवळा दिवा किंवा जळका वास आला तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका, ओलावा असेल तर कॉइल त्यातच जाते. आणखी दोन तास वाळू द्या, तरीही तेच असेल तर गॅरेजवाल्याला घरी बोलवा, गाडी ओढत-खेचत नेऊ नका. वॉरंटीतल्या गाडीत पाण्याने बिघाड झाला तर कंपनी हात वर करू शकते, तेव्हा नव्या गाडीत फडक्याच्या पुढे जाऊच नका.

सफाई झाल्यावर आठवडाभराने बॉनेट पुन्हा उघडा. आता लाल थर नाही, त्यामुळे गळती लपत नाही. काळपट-तपकिरी चिकट ओल म्हणजे बहुधा इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळं, थोडं गोडसर वासाचं असेल तर कूलंट. ते कुत्र्या-मांजरांना विषारी आहे, जमिनीवर साचू देऊ नका. ब्रेक ऑइलच्या डब्याखाली पिवळसर ओल असेल आणि तिथला रंग सोलवटलेला असेल तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. डिझेल गाडीत डिझेलचा वास येत असेल तर चालू इंजिनात नळ्यांवरून बोट फिरवून गळती शोधू नका. त्या नळ्यांतला दाब एवढा असतो की बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो.

राहिलं धुण्याचं पाणी. आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी झिरपायला वेळ लागत नाही आणि अनेक घरांची विहीर अंगणातच. डिग्रीझर आणि तेलाचं पाणी विहिरीकडे, कुळागरात किंवा तळ्याकडे जाणाऱ्या ओहोळात सोडू नका. गाडीखाली जुनी ताडपत्री पसरून तिच्यावर लाकडाचा भुसा किंवा वाळू टाका, ती तेल शोषून घेते. तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात फेकायचे नाहीत. उघड्यावर पसरून पूर्ण वाळवा, मग पिशवीत बांधून पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीवाल्याला ते तेलाचे आहेत असं सांगून वेगळे द्या.